मेज आणि दप्तरखाना : संगणकाच्या स्मृतीचा एक हिशेब



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला आमंत्रण पाठविले तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलावे, अशी त्यांची इच्छा होती. मी त्यांना कळविले की, इतिहासावरच बोलेन, परंतु तो संगणकाच्या स्मृतीचा असेल. त्यावर त्यांचे आश्चर्य मला पत्रातूनही दिसले. संघटनेचे काम करणाऱ्या आणि शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसाने या विषयात डोके का घालावे, असा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांच्याही मनात आला असेल. त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे. आरंभी एवढेच सांगतो की, हा विषय मला प्रथम कळला तो कोणत्याही पुस्तकातून नव्हे, तर गिरणीच्या साळखात्यातून.

माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचे चालवीत. साच्यापाशी आडव्या सुताच्या भरलेल्या कांड्यांची पेटी असे. धोट्यातील कांडी संपली की हात पेटीकडे जाई आणि क्षणार्धात दुसरी कांडी धोट्यात बसे. पेटीत कांड्या कमी पडल्या तर साचा उभा राही, आणि उभ्या साच्याचे दाम कोणी देत नसे. म्हणून कोणी नवखा पोरगा पेटीबरोबर जमिनीवरही कांड्यांचा ढीग रचून ठेवी. मग दोन साच्यांमधली वाट अडे, कांड्या पायाखाली येत, सूत मळे आणि जॉबरच्या शिव्या खाव्या लागत. वडील म्हणत, "हाताशी किती ठेवायचं आणि कोठारातनं किती आणायचं, हे ज्याला कळलं त्याला साचा कळला." १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ते साचे वडिलांच्या हातून कायमचे सुटले. ते वाक्य मात्र राहिले. पुढे संगणकाच्या इतिहासाची पाने वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की, त्या शास्त्रातील मोठमोठ्या माणसांनी सुमारे ऐंशी वर्षे याच एका वाक्याशी झटापट केलेली आहे.

प्रश्न काय आहे तो आधी नीट समजावून घेऊ. संगणकापाशी माहिती ठेवण्याच्या दोन प्रकारच्या जागा असतात. एक जागा कारकुनाच्या मेजासारखी. तिला मेमरी म्हणतात. ती जलद, पण लहान व महाग. आणि वीज गेली की मेजावरचे सगळे पुसले जाते. दुसरी जागा दप्तरखान्यासारखी. तेथे माहिती टिकाऊ स्वरूपात, क्रमवार, नोंदवहीसह राहते; आजच्या भाषेत तिला डेटाबेस म्हणतात. ती मोठी, विश्वासू, परंतु सावकाश. किती सावकाश? मेमरीतील एक गोष्ट उचलावयास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या तबकडीवरची गोष्ट शोधून आणावयास सुमारे १० मिलिसेकंद. हे आकडे कानाला सारखेच बारीक वाटतात, पण त्यांत एक लाख पटीचे अंतर आहे. मेजावरचा कागद उचलावयास एक सेकंद लागत असेल, तर दप्तरखान्यातला कागद यावयास जवळजवळ अठ्ठावीस तास लागतील. हल्लीच्या फिरती तबकडी नसलेल्या साठ्यांनी हे अंतर पुष्कळ कमी केले आहे. तरीही एका सेकंदापुढे पंधरा-वीस मिनिटे उरतातच.

मग सगळाच दप्तरखाना मेजावर का मांडू नये? कारण मेज तेवढे मोठे नसते, आणि मोठे करावयाचे तर पैसा लागतो. शिवाय मेजावरचा कागद ही नक्कल असते. मूळ कागदावर खाडाखोड झाली आणि नक्कल तशीच राहिली, तर मेजावरचा कारकून मोठ्या आत्मविश्वासाने चुकीचे सांगू लागतो. तेव्हा मेज, दप्तरखाना आणि नक्कल या तीन शब्दांत आजचे व्याख्यान संपते. पुढचे सारे त्याचे विवरण.

इतिहासाकडे वळू. १९४६ साली बर्क्स, गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन या तिघांनी अमेरिकेत एका यंत्राचा आराखडा लिहिला. त्यात त्यांनी कबूल केले की, अमर्याद आणि तत्काळ हाती येणारी स्मृती असती तर उत्तम. पण ती मिळणे नाही. म्हणून स्मृतीची उतरंड करावी लागेल. खालचे मडके वरच्यापेक्षा मोठे, पण हात पोचावयास उशीर. पाया घातला गेला तो येथे. हे लिहिले गेले तेव्हा तसे यंत्र अस्तित्वातही नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्यानंतर मेज कशाचे करावे याचेच प्रयोग काही वर्षे चालले. केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स यांचे एड्सॅक हे यंत्र १९४९ साली चालू झाले. त्याची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांतून धावणाऱ्या ध्वनिलहरींची होती. १९५३ साली अमेरिकेतील एमआयटीच्या व्हर्लविंड यंत्रात जे फॉरेस्टर यांच्या योजनेप्रमाणे बारीक चुंबकीय कड्यांची स्मृती बसविण्यात आली. कडी एका दिशेने चुंबकित झाली तर एक, उलट दिशेने झाली तर शून्य. या कड्या तारांच्या जाळीत ओवाव्या लागत, आणि ते ओवण्याचे काम कारखान्यांतून बहुतांशी स्त्रिया हाताने करीत. आधी अमेरिकेत, पुढे मजुरी स्वस्त म्हणून पूर्व आशियात. संगणकाच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावे आहेत, ती असावीतच. पण जवळजवळ वीस वर्षे जगाच्या यंत्रांची आठवण ज्या बोटांनी विणली, त्या बोटांची नावे कोणत्याही वहीत नाहीत. विणकराचा मुलगा म्हणून मला हे येथे नोंदवावेसे वाटते.

आपल्याकडेही हे काम झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हे संपूर्ण यंत्र आपल्या लोकांनी घडविले आणि ते १९६० साली कामाला लागले. त्याच्या कड्यांच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत. आज खिशातला साधा फोनदेखील याच्या लाखो पट स्मृती बाळगतो. पण त्या २०४८ शब्दांत गणित बसविणाऱ्या माणसाला काय ठेवावे आणि काय टाकावे याचा विचार पदोपदी करावा लागे. टंचाई ही कधी कधी चांगली शिक्षिका असते.

दप्तरखान्याची प्रगतीही याच काळात झाली. १९५६ साली आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक फिरत आणि ५० लाख अक्षरे त्यांवर मावत. हवी ती नोंद काढावयास सरासरी सहा दशांश सेकंद लागे. तोवर चुंबकीय फितीवरची शेवटची नोंद हवी असेल तर सगळी फीत उलगडावी लागे. आता मधले पान थेट उघडता येऊ लागले.

आता मेज आणि दप्तरखाना यांच्यामध्ये ये-जा कोणी करावयाची? आरंभी हे काम आज्ञावली लिहिणाऱ्या माणसाच्याच गळ्यात होते. त्यातून सुटका केली ती मँचेस्टरच्या अॅटलास यंत्राने. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेले हे यंत्र ७ डिसेंबर १९६२ रोजी रीतसर सुरू झाले. त्याच्यापाशी कड्यांच्या स्मृतीचे १६,३८४ शब्द होते आणि फिरत्या पिंपावर ९८,३०४. लिहिणाऱ्याला मात्र ती एकच सलग स्मृती असल्यासारखे वागता येई. यंत्र ५१२ शब्दांचे एकेक पान करी. म्हणजे मेजावर एका वेळी ३२ पाने मावत. तेहतिसावे लागले की एक परत पाठवावयाचे. कोणते? यासाठी अॅटलासमध्ये एक छोटी आज्ञावली होती. कोणते पान किती वेळ वापरात होते आणि किती वेळ स्वस्थ पडून आहे, हे ती पाही आणि ज्याची गरज सर्वांत उशिरा लागेल असा अंदाज निघे ते पान पिंपावर पाठवी. मागच्या वागणुकीवरून पुढची गरज ओळखावयाची ही युक्ती आजही मुख्यतः तशीच आहे.

पण युक्ती निघाली की तिची फजितीही निघते. १९६६ साली आयबीएममधील बेलाडी यांनी दाखवून दिले की, सर्वोत्तम निवड करावयाची तर भविष्य माहीत असावे लागते. आणि भविष्य कोणाला माहीत असते? तेव्हा बाकीच्या साऱ्या रीती त्या आदर्शापासून किती दूर आहेत, एवढेच मोजता येते. १९६८ साली पीटर डेनिंग यांनी त्याहून भयंकर गोष्ट समजावून सांगितली. एकाच यंत्रावर प्रमाणाबाहेर कामे चढविली, तर प्रत्येक कामाला आपली पाने मेजावर हवी असतात. एकाची पाने आणावयास दुसऱ्याची काढावी लागतात. दुसरा लगेच आपली मागतो, म्हणून तिसऱ्याची काढतात. शेवटी यंत्र रात्रंदिवस पानांची ने-आण करते आणि काम शून्य होते. डेनिंग यांचा उपाय साधा होता. प्रत्येक कामाला नजीकच्या काळात खरोखर लागणारी पाने किती ते मोजा. तेवढी जागा नसेल तर नवे काम सुरूच करू नका. ज्या कारखान्यात चार माणसांचे काम दोन माणसांवर टाकलेले असते, तेथील धावपळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना यासाठी गणिताची आवश्यकता वाटणार नाही.

याच सुमारास या विद्येतील आणखी एक महत्त्वाचा शब्द जन्मास आला. विल्क्स यांनी १९६५ साली एक छोटासा लेख लिहिला. मोठ्या व सावकाश स्मृतीच्या पुढ्यात एक चिमुकली जलद स्मृती ठेवावी. एकदा आणलेला शब्द तिने आपसूक धरून ठेवावा, म्हणजे पुन्हा मागितला तर मागे जावे लागणार नाही, ही त्यांची कल्पना. तिला त्यांनी नाव दिले 'गुलाम-स्मृती'. हे नाव टिकले नाही याबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही. १९६८ साली आयबीएमने हीच कल्पना आपल्या ३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या यंत्रात प्रत्यक्ष आणली. तिच्याविषयीचा लेख छापावयास आला तेव्हा 'अतिजलद बफर' हे लांबलचक नाव नियतकालिकाच्या संपादकांना रुचले नाही. त्यांनी 'कॅश' हा शब्द सुचविला. आपल्या ओळखीचा रोकडीचा कॅश हा नव्हे. लपविणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला हा शब्द आहे. वाण्याच्या दुकानात समोर फळीवर दिसते ती वस्तू आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत पोती असतात ना, त्यांतील ती समोरची फळी म्हणजे कॅश.

दप्तरखान्याला शिस्त लावली ती एडगर कॉड यांनी. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने सांगितले की, माहिती साध्या तक्त्यांत मांडा. ती तबकडीवर कोठे पडली आहे याची विचारणाऱ्याला पर्वा नसावी. प्रत्येक गोष्ट शक्यतो एकाच जागी नोंदवावी, म्हणजे दोन वह्यांत दोन निरनिराळी सत्ये राहणार नाहीत. आज बँका, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या यांच्या ज्या वह्या चालतात त्यांतील बहुतेकांचा पाया हा निबंध आहे. परंतु पाहा, कॉड यांनी सांगितले एक सत्य, एक जागा. आणि कॅश तर सांगते, नकला करा म्हणजे वेग येईल. ही दोन्ही तत्त्वे बरोबर आहेत आणि त्यांचे आपसांत भांडण आहे. यापुढचा सगळा इतिहास हा त्यांच्यातील तडजोडीचा इतिहास आहे.

ती तडजोड पैशांत मांडली गेली १९८७ साली. जिम ग्रे आणि फ्रँको पुट्झोलू यांनी त्या वर्षीच्या बाजारभावाने हिशेब केला. तबकडीवरून दर सेकंदाला एक नोंद आणण्याची सोय करावयाची तर यंत्रसामग्रीला सुमारे २००० डॉलर पडत. उलट, एक हजार अक्षरांची नोंद कायम मेमरीत ठेवावयाची तर सुमारे ५ डॉलर. २००० भागिले ५ म्हणजे ४००. म्हणजे जी नोंद दर ४०० सेकंदांतून एकदा तरी मागितली जाते ती मेमरीत ठेवणे स्वस्त. त्याहून क्वचित मागितली जाणारी तबकडीवरच राहू द्यावी. ठोकळमानाने त्यांनी याला पाच मिनिटांचा नियम म्हटले. १९९७ साली आणि पुन्हा दहा वर्षांनी नवे भाव घालून हा हिशेब तपासण्यात आला. मला या नियमाचे फार कौतुक वाटते, कारण त्यात कसलेही गूढ नाही. घरातील गृहिणी रोजचे मीठ चुलीपाशी आणि सणाची पातेली माळ्यावर ठेवते, त्याचेच हे गणित. याच नियमाशी माझे एक भांडणही आहे. ते पुढे सांगतो.

१९९१ साली टिम बर्नर्स-ली यांचे जाळे सर्वांसाठी खुले झाले आणि चित्र पालटले. पूर्वी दप्तरखान्यापुढे ठरावीक कारकून असत. आता सारे गाव खिडकीशी आले. जो तो संकेतस्थळ उघडतो, आणि एकेका पानामागे डेटाबेसला दहा-वीस प्रश्न जातात. १९९९ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक या तरुणाने लाइव्हजर्नल नावाचे, लोकांनी आपापल्या रोजनिश्या लिहाव्यात असे स्थळ सुरू केले होते. गर्दी वाढली, डेटाबेसची यंत्रे वाढवून वाढवून थकली. २००३ साली त्याने पाहिले की, पुष्कळ यंत्रांत थोडी थोडी मेमरी रिकामी पडून आहे. त्या साऱ्या तुकड्यांचे मिळून एक सामाईक मेज करणारी मेमकॅश्ड नावाची आज्ञावली त्याने लिहिली. प्रश्न आला की आधी सामाईक मेजावर पाहावयाचे. तेथे उत्तर नसेल तरच दप्तरखान्यात जावयाचे, आणि येताना एक नक्कल मेजावर ठेवावयाची. मेज भरले की जिला बराच काळ कोणी विचारले नाही ती नक्कल काढून टाकावयाची. त्याने ही आज्ञावली सर्वांना मोफत दिली आणि पुढे जगातील अनेक मोठ्या संकेतस्थळांनी ती उचलली. प्रत्येक खोलीतील अर्धी शेर ज्वारी एकत्र करून चाळीचा सामाईक कणगा भरावा, तसा हा प्रकार.

येथे एक रोजच्या व्यवहारातील चूक सांगितलीच पाहिजे, कारण पुष्कळ संकेतस्थळे हिच्यामुळेच रखडतात. समजा, हजेरीपटावरील १०० कामगारांचे भविष्यनिर्वाह निधीचे क्रमांक हवे आहेत. आळशी कारकून आधी दप्तरखान्यात जाऊन १०० नावांची यादी आणतो. मग पहिल्या नावाचा क्रमांक आणावयास पुन्हा जातो, दुसऱ्यासाठी पुन्हा, तिसऱ्यासाठी पुन्हा. एकूण १०१ खेपा. गरज पडेल तेव्हाच आणावे या रीतीला शास्त्रात 'आळशी भरणी' अशाच अर्थाचे नाव आहे. मार्टिन फाउलर यांनी २००२ सालच्या आपल्या पुस्तकात ती वर्णिली आणि तिच्या या धोक्याची सूचनाही दिली. याच्या उलट अति उत्साही कारकून असतो. शंभर क्रमांक मागितले तर तो शंभर जणांचे वारस, पत्ते, वीस वर्षांच्या रजा असा सारा गठ्ठा उचलून आणतो; मेज मोडते, आणि मोडलेल्या मेजावर इतरांचेही काम थांबते. शहाणा कारकून दोन खेपा करतो. पहिल्या खेपेत नावे. दुसऱ्या खेपेत एकाच चिठ्ठीवर शंभरही नावे लिहून फक्त क्रमांक मागतो. यादी एक लाखाची असेल तर तो पाचशे-पाचशेचे गठ्ठे करतो. मेमरी आणि डेटाबेस यांच्यातील तोल तो हाच. यात अलौकिक बुद्धी लागत नाही. काम चालू असताना खेपा मोजण्याची सवय लागते.

तोल गेला म्हणजे काय होते याचे उदाहरण २३ सप्टेंबर २०१० रोजी जगाने पाहिले. त्या दिवशी फेसबुक सुमारे अडीच तास बंद पडले, आणि ते कसे बंद पडले हे त्यांच्या अभियंत्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले. कॅशमधील एखादी नोंद चुकीची दिसली तर ती टाकून मूळ डेटाबेसमधून ताजी आणावयाची, अशी तेथे स्वयंचलित व्यवस्था होती. त्या दिवशी मूळ नोंदीतच असा बदल झाला की, यंत्रांना तीच चुकीची वाटू लागली. झाले! प्रत्येक यंत्र दुरुस्तीसाठी डेटाबेसकडे धावले. सेकंदाला लाखो प्रश्नांच्या भाराने डेटाबेस गुदमरला आणि उत्तर देईनासा झाला. उत्तर आले नाही याचाही अर्थ यंत्रांनी 'नोंद चुकीची' असाच घेतला, आणि आणखी नकला फाडून टाकल्या. त्यामुळे प्रश्न आणखी वाढले. मूळ चूक दुरुस्त झाल्यावरही हे चक्र थांबेना. शेवटी डेटाबेसकडे जाणारी सगळी वाहतूक तोडावी लागली, म्हणजे स्थळच बंद करावे लागले. आणि मग हळूहळू लोकांना आत सोडण्यात आले. आग विझविणाऱ्यांनीच वाट अडविली, असा हा प्रकार. याच कंपनीच्या अभियंत्यांनी २०१३ साली लिहिलेल्या निबंधात गर्दीवरचा एक उपाय दिला आहे. मेजावर एखादी नोंद नसली तर ती आणण्याची चिठ्ठी एकालाच द्यावयाची. बाकीच्यांनी क्षणभर थांबावयाचे. नळावर शंभर जणींनी भांडण्यापेक्षा एकीने हंडा भरावा आणि इतरांनी पुढे व्हावे, ही रीत आपल्या चाळींना अपरिचित नाही.

आपल्या देशातील उदाहरण घ्यावयाचे तर रेल्वेचे तिकीट घ्यावे. संगणकाच्या जाळ्यावरून तिकीट काढण्याची सोय २००२ साली सुरू झाली. पुढे सकाळी तत्काळची खिडकी उघडली की सारा देश एकाच मिनिटाला आत घुसू लागला आणि चक्र फिरत राहू लागले. २०१४ साली नवी व्यवस्था आली. तिच्यात ऐन गर्दीची माहिती मेमरीत ठेवण्याच्या तंत्राचा आधार घेतलेला होता. मिनिटाला २००० तिकिटांऐवजी ७२०० तिकिटे आणि एकाच वेळी १,२०,००० माणसे, अशी तिची क्षमता त्या वर्षीच्या रेल्वे अंदाजपत्रकात सांगण्यात आली. तरी पाहा, तिकीटांचा दर्शनी तक्ता मेजावरच्या नकलेतून दाखविता येतो. पण शेवटची शय्या कोणाला दिली हे मात्र मूळ वहीतच ठरवावे लागते. नाहीतर एका शय्येवर दोन माणसे निजतील. काय नकलेवर चालेल आणि काय मुळावरच झाले पाहिजे, हा भेद सर्वांत महत्त्वाचा.

आता मी आरंभी राखून ठेवलेल्या उत्तराकडे येतो. आमच्या चळवळीचा संगणकाशी संबंध जुना आहे. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळातील कर्मचाऱ्यांनी संगणकाला कडवा विरोध केला. कलकत्त्यातील त्यांचा लढा प्रसिद्ध आहे. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी पुढे वाटाघाटी केल्या आणि १९८३ साली यंत्रीकरणाविषयी करार झाला. नोकऱ्यांची भीती खोटी नव्हती. तो लढा लढणाऱ्यांना मी आज बाहेरून शहाणपण शिकविणार नाही. पण आमचा एक दोष मला मान्य केला पाहिजे. यंत्र यावे की न यावे, यावर आम्ही वर्षानुवर्षे बोललो. आलेल्या यंत्राच्या पोटात काय ठरते, हे मात्र आम्ही विचारले नाही. ते तज्ज्ञांचे काम, असे म्हणून सोडून दिले.

काही वर्षांपूर्वी आमच्या सभासदांपैकी बांधकामावर काम करणाऱ्या एका बाई माझ्याकडे आल्या. एका कचेरीच्या यादीत त्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण दिसत नव्हते. पहिल्या दिवशी "सर्व्हर स्लो आहे, उद्या या." दुसऱ्या दिवशी "यादीत नाव नाही." तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी बरोबर गेलो आणि मूळ नोंद उघडून पाहण्याचा आग्रह धरला. नाव आठ दिवसांपूर्वीच चढलेले होते. खिडकीवर दिसत होती ती जुनी नक्कल. ती केव्हा बदलावयाची हे कोणी ठरविलेच नव्हते. बाई म्हणाल्या, "दादा, माझं नाव होतं तर मग तीन दिवस मी कुठं होते?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. चार दिवसांचा रोज मात्र बुडालाच होता.

त्या रात्री मी या विद्येचे पहिले पुस्तक उघडले. आमच्या कचेरीत रात्रपाळीची तक्रार घेऊन येणारी काही संगणकक्षेत्रातील मुले होती. ती माझी गुरू झाली. त्यांनी सांगितले, "काका, रात्री दोनला डेटाबेस आडवा झाला की फोन आम्हालाच येतो. अधिक मेमरी मागितली तर खर्च विचारतात." तेव्हा मला पाच मिनिटांच्या नियमाशी असलेले माझे भांडण स्पष्ट झाले. ग्रे आणि पुट्झोलू हे प्रामाणिक माणसे होती. काही ठिकाणी उत्तर लगेचच हवे म्हणून माहिती मेमरीत ठेवावी लागते, हे त्यांनीही सांगितले. पण अशा जागा विरळा, बाकी प्रश्न खर्चाचाच, असे त्यांनी मानले. त्यांच्या वहीत मेमरीचे ५ डॉलर आहेत, तबकडीचे २००० डॉलर आहेत. खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाचा रोज त्या वहीत कोठे आहे? रात्री दोनला उठणाऱ्या मुलाची झोप कोठे आहे? बँकेच्या चकचकीत स्थळावर ग्राहक दोन सेकंद थांबला तर तो निघून जाईल, म्हणून तेथे मेमरी ओतली जाते. मजुराला जाण्यासाठी दुसरी जागा नसते. म्हणून त्याचे थांबणे फुकट धरले जाते. हिशेबाचे सूत्र बरोबर आहे. त्यातील एक रकाना रिकामा सोडलेला आहे, आणि तो भरण्याचे काम संघटनांचे व नागरिकांचे आहे.

म्हणून आपल्या नगरपालिकेचे वा कोणत्याही सार्वजनिक संस्थेचे संकेतस्थळ रखडले तर "सर्व्हर स्लो आहे" एवढ्यावर परतू नका. चार प्रश्न विचारा. दिसते आहे ती मूळ नोंद की नक्कल? नक्कल असेल तर ती केव्हाची, आणि तसे पानावर लिहिले आहे काय? ज्यावर माणसाचा हक्क अवलंबून आहे तो निर्णय मूळ वही पाहून होतो की नाही? आणि गर्दीच्या दिवसाची मोजणी आधी केली होती काय? हे प्रश्न विचारावयास पदवी लागत नाही. अॅटलासने ३२ पानांत जे साधले, ते अधिक मोठ्या मेजावर साधणे अशक्य नाही.

वडिलांच्या साच्यापाशी कांड्यांची पेटी होती. त्या पेटीत किती कांड्या असाव्यात हे साचा चालविणारा ठरवी, कारण साचा उभा राहिला तर नुकसान त्याचे होई. आजच्या पेटीत काय असावे हे ठरविणारा एक आणि उभा राहणारा दुसरा, असे झाले आहे. या दोघांची गाठ घालून द्यावी, एवढ्यासाठीच मी आपला वेळ घेतला.